ज्याची किल्ली त्याच्यापाशी

१४ ऑगस्ट २०२१चा शनिवार. आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती. जुलैच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर चढलेलं पाणी उतरून तीन आठवडे होत आले होते, तरी आमच्यातले निम्मे लोक अजून आपापल्या गावीच होते. कोविडपासून गावाकडून काम करायची सवय लागलेली. साडेनऊच्या सुमारास गडहिंग्लजहून आमच्या एका सहकारी मुलीचा फोन आला. "दादा, कोड पुश होईना झालाय. पासवर्ड तीनदा घातला, बरोबरच आहे. कायतरी लांबलचक इंग्रजी येतंय."

ते लांबलचक इंग्रजी मी तिला वाचायला लावलं. मजकूर सरळ होता : पासवर्डनं ओळख पटवायची सोय १३ ऑगस्ट २०२१ रोजी काढून टाकली आहे. आमचा कोड जिथं ठेवलेला असतो त्या गिटहबनं हे डिसेंबर २०२०मध्येच जाहीर केलं होतं. मी ते वाचलंही होतं. लॉकडाऊन, पतसंस्थांची मार्चअखेर, मग पूर, ह्या सगळ्यात ते मागं पडलं, आणि आपल्याकडची शुक्रवारची रात्र झाल्यावर तिकडं पासवर्ड बंद झाला.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत, सहा जणांचं. पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. तेव्हा सहा जणांत मिळून गिटहबवर आमचं एकच खातं होतं आणि त्याचा पासवर्ड सहाही जणांना पाठ होता. ह्याला एक जुनं कारण होतं. पूर्वी टीमसाठी खाजगी रिपॉझिटरी ठेवायची तर माणशी महिन्याला डॉलर मोजावे लागत. एप्रिल २०२०मध्ये ते फुकट झालं, पण आमची सवय काही बदलली नाही. आपण सगळे घरचेच, वेगवेगळी खाती कशाला, असं आम्ही म्हणत होतो. मीच म्हणत होतो.

त्या सकाळी मी माझ्या लॅपटॉपवर पासवर्डऐवजी चालणारी एसएसएचची किल्ल्यांची एक जोडी बनवली, तिचा सार्वजनिक भाग त्या एका खात्यात चिकटवला आणि दोन्ही फायली झिप करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकल्या. किल्लीवर पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, ठेवली नव्हती, कारण सहा जणांना ती परत कळवत कोण बसणार. पंधरा मिनिटांत सगळ्यांचं काम सुरू झालं. उबुंटू वापरणाऱ्या दोघांना मात्र तेवढ्यात एक इशारा आला. मोठ्या अक्षरांत, वरखाली चिन्हांच्या रांगा : ही खाजगी किल्ली असुरक्षित आहे, ह्या फाइलची परवानगी फार मोकळी आहे, म्हणून ती वापरणार नाही. मी त्यांना लगेच सांगितलं, टर्मिनलवर सीएचमॉड ६०० मारा, जाईल. गेलं.

आज त्या इशाऱ्याचा अर्थ मला वेगळा दिसतो. ज्या संगणकावर किल्ली आहे तिथल्या दुसऱ्या कुणाला ती वाचता येत असेल तर एसएसएच ती किल्ली वापरायलाच नकार देतो. एकाच यंत्रावरचा दुसरा माणूससुद्धा त्याला चालत नाही, आणि मी तीच किल्ली नुकतीच सहा फोनांवर पाठवली होती. प्रोग्रॅमनं त्याचं काम चोख केलं होतं. मी तो फक्त गप्प केला.

पुढं सव्वा वर्ष काहीही बिघडलं नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये, दिवाळी होऊन पंधरवडा झाल्यावर, एका सकाळी कोडच्या मुख्य शाखेवरचं तीन दिवसांचं काम नाहीसं झालं. बचत ठेवींवरच्या व्याजाची आकारणी आम्ही नव्यानं लिहीत होतो. रात्री ते सगळं होतं, सकाळी त्याच्या जागी जुना कोड. कुणीतरी फोर्स पुश केला होता. म्हणजे सर्व्हरवर काय आहे ते न बघता आपल्याकडची प्रत त्याच्यावर जबरदस्तीनं बसवणं. काम परत मिळालं, कारण गिटमध्ये प्रत्येकाच्या यंत्रावर सगळा इतिहास असतो. गडहिंग्लजच्या लॅपटॉपवर कालची प्रत शाबूत होती, तासाभरात ती परत चढवली.

पण हे केलं कुणी? गिटहबवर नाव होतं त्या एका खात्याचं. कमिटवरच्या नावाचाही उपयोग नव्हता. ते नाव ज्यानं त्यानं आपल्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, तिथं कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, आणि पुश कुणी केला हे त्यावरून कळत नाही. खातं एक, किल्ली एक, माणसं सहा.

माझा संशय गेला आमच्यातल्या सगळ्यात धाकट्यावर. पन्हाळ्याकडचा मुलगा, डिप्लोमा करून चार महिन्यांपूर्वी लागलेला. गिट तो आमच्याकडंच शिकत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "फोर्स पुश मारलास का?" तो म्हणाला, "नाही दादा." मी म्हटलं, "चुकून होतं रे, सांगितलंस तर बरं होईल." तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुढं काही बोललो नाही, पण माझा विश्वास बसला नव्हता आणि ते त्याला कळलं. दोन दिवस दुपारी तो डबा घेऊन आमच्यात बसला नाही.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर मला एक बिलाचा नमुना हवा होता. त्या आठवड्यात एक लॅपटॉप दुरुस्तीला गेला म्हणून टेबलाखाली कित्येक महिने पडून असलेलं ते यंत्र आम्ही परत जोडलं होतं. त्यावर एक लॉग फाइल दिसली. रात्री अकराला ठरलेलं काम चाललं होतं : ह्या यंत्रावरची प्रत उचलायची आणि सर्व्हरवर जबरदस्तीनं बसवायची. ती स्क्रिप्ट मी लिहिली होती, मागल्या वर्षी, कशाची तरी नक्कल ठेवायला. सहाजणांची किल्ली त्या यंत्रावरही होतीच. यंत्र सुरू झालं, रात्रीचे अकरा वाजले, आणि त्यानं सांगितलेलं काम केलं.

मी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. त्यानं मान हलवली. मग थोड्या वेळानं तो जे बोलला त्यानं पुढचं सगळं ठरलं : "दादा, मी नाही हे दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं."

तोवर मी किल्ली ही बाहेरच्यांसाठी समजत होतो. चोर, हॅकर, कुणी परका आत येऊ नये म्हणून. आतल्या माणसाला आपण निर्दोष आहोत हे दाखवता यावं म्हणूनही त्याची स्वतःची किल्ली लागते, हे मला तेव्हा समजलं. एक किल्ली सहा जणांत वाटली की जो सगळ्यात नवा, सगळ्यात गरीब आवाजाचा, त्याच्यावर बोट जातं. पतसंस्थेत रोखपालाच्या पेटीला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत, त्यात रोखपालाचंही रक्षण असतं. हे आम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहून देत होतो आणि आमच्या घरात पाळत नव्हतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सगळ्यांना ऑफिसला बोलावलं. ज्याचं त्याचं स्वतःचं खातं, त्यांची मिळून एक ऑर्गनायझेशन, आणि प्रत्येक माणसाची प्रत्येक यंत्रावर वेगळी किल्ली, एवढं त्या दिवसात करायचं होतं.

सुरुवात समजावण्यापासून केली, कारण मागल्या वेळी मी नुसतीच फाइल वाटली होती. इंग्रजीत दोन्हींना 'की'च म्हणतात, पब्लिक की आणि प्रायव्हेट की, आणि सगळा गोंधळ त्यातून होतो. कुठली द्यायची आणि कुठली नाही हे लक्षात राहत नाही. म्हणून मी फळ्यावर लिहिलं : कुलूप आणि किल्ली. पब्लिक की म्हणजे कुलूप. ते कितीही दारांना लावा, कुणालाही दाखवा. किल्ली फक्त तुमच्या यंत्रावर. सगळ्यांना पटलं. धाकट्यानं मात्र हात वर केला. "दादा, पण कुलूप उघडायला किल्ली दारापर्यंत न्यावी लागतेच की."

त्याचं बरोबर होतं, आणि नेमक्या त्या जागी माझी उपमा तुटत होती. पासवर्ड दारापर्यंत न्यावा लागतो. दरवेळी तो समोरच्याच्या हातात द्यायचा आणि समोरचा प्रामाणिक आहे असं धरून चालायचं. एसएसएचच्या किल्लीत असं काहीच पलीकडं जात नाही. मग मी रोजच्या कामातलं उदाहरण घेतलं : नमुना सही. खातेदार खातं उघडताना कार्डावर सही करून देतो. ते कार्ड शाखेत राहतं. पुढं पैसे काढायला आला की तो कागदावर नवी सही करतो, कारकून ती कार्डाशी ताडून बघतो. सही करणारा हात खातेदाराच्याच अंगाला असतो, तो कुणी काउंटरवर ठेवून जात नाही. पब्लिक की म्हणजे ते नमुन्याचं कार्ड, आणि प्रायव्हेट की म्हणजे हात.

फरक एवढाच की कार्डावरची सही बघून कुणी गिरवायला शिकू शकतो. इथं ते जमत नाही. प्रत्येक वेळी जोडणी करताना दोन्ही बाजू मिळून एक नवा, पूर्वी कधीच न झालेला आकडा तयार करतात, आणि सही त्या आकड्याला बांधलेली असते. म्हणजे दरवेळी कागद नवा आणि सहीही नवी. कालची सही कुणी चोरली तरी आजच्या कागदावर ती बसत नाही. धाकटा म्हणाला, "मग नमुन्याचं कार्ड चौकात लावलं तरी चालंल?" चालेल. गिटहब लावतंच. कुणाचंही वापरकर्तानाव घेऊन त्यापुढं टिंब आणि कीज जोडलं की त्या माणसाच्या सगळ्या पब्लिक की जगातल्या कुणालाही दिसतात. मी माझ्या उघडून दाखवल्या. त्यानंतर कुणी मला परत तो प्रश्न विचारला नाही.

मग किल्ल्या बनवायला बसलो. प्रकार ठरवला एड२५५१९. डॅनियल बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये तो मांडला. दोनाच्या २५५व्या घातातून १९ वजा केले की जी अविभाज्य संख्या येते तिच्यावरून त्याचं नाव. ओपनएसएसएचमध्ये तो जानेवारी २०१४पासून आहे. जुन्या आरएसए प्रकाराची ४०९६ बिटांची पब्लिक की सातशेहून जास्त अक्षरांची होते. ही अडुसष्ट अक्षरांत मावते. चिकटवताना अर्धी सुटली तर चटकन दिसतं. रोज हाताळणाऱ्याला ह्या लहानपणाचं फार सुख आहे.

कमांड दिली की तीन गोष्टी विचारल्या जातात : फाइल कुठं ठेवू, पासफ्रेज काय, परत एकदा पासफ्रेज. पासफ्रेज टाइप करताना स्क्रीनवर एक ठिपकाही उमटत नाही. दोघांना वाटलं कीबोर्ड बंद पडला. लॅपटॉप चोरीला गेला तर किल्लीची फाइल चोराच्या हाती लागते, पण पासफ्रेजशिवाय ती त्याच्या उपयोगाची नसते, म्हणून ह्या वेळी ती ठेवायचीच असं ठरवलं. गाणं नको, म्हण नको, पोराचं नाव नको. आपल्या घरातली, गावातली अशी एखादी लांब ओळ रचा जी दुसऱ्या कुणाच्या तोंडी नसेल, एवढं सांगितलं. रोज दहा वेळा ती लिहावी लागत नाही. सकाळी एकदा लिहिली की एसएसएच-एजंट नावाचा प्रोग्रॅम ती उघडलेली किल्ली स्मरणात धरून ठेवतो. शेवटी स्क्रीनवर एक चौकट येते, तिच्यात टिंबं, अधिकची चिन्हं, मधूनच एखादं अक्षर. गडहिंग्लजची आमची सहकारी म्हणाली, "ठिपक्यांची रांगोळीच की ही." ते त्या किल्लीचं चित्र असतं. आकड्यांची रांग माणसाच्या लक्षात राहत नाही, चित्र थोडं राहतं, म्हणून ते काढतात.

तिनंच मग पब्लिक की म्हणून जे कॉपी केलं ते ग्रुपवर टाकलं : "दादा, हे बरोबर आहे काय बघा." मी बघितलं तर वरच्याच ओळीत लिहिलेलं, बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की. दोन फायली शेजारी शेजारी असतात, नाव सारखंच, एकीच्या मागं तेवढी पब अशी शेपटी. विंडोज ती शेपटी पुष्कळदा लपवतं. ती घाबरली. मी तिला सांगितलं, ह्यात रागवण्यासारखं काही नाही, पण ही किल्ली आता गेली. मेसेज पुसून चालत नाही, पासफ्रेज आहे म्हणूनही ठेवायची नाही. दोन्ही फायली काढून टाकल्या, नवी जोडी बनवली. दोन मिनिटं लागली. किल्ली फुकट आहे, हवी तेवढी बनवता येते, म्हणून शंका आली की टाकून द्यायची. पासवर्डच्या दिवसांत एक बदलायचा तर सहा जणांना फोन करावे लागत.

विंडोजवाल्यांचा अर्धा दिवस गेला, त्याची दोन कारणं मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ह्यात पुष्कळांचा वेळ जातो. एक म्हणजे विंडोजचा स्वतःचा एसएसएच वेगळा आणि गिटबरोबर येणारा वेगळा. एकाच्या एजंटमध्ये किल्ली भरलेली असते आणि गिट विचारतो दुसऱ्याला, मग पासफ्रेज पुन्हा पुन्हा मागितली जाते. गिटला विंडोजचाच एसएसएच वापरायला सांगितलं की हे थांबतं. दुसरं नोटपॅडचं. कॉन्फिग नावाची फाइल नोटपॅडमध्ये लिहून जतन केली की तो मागं गुपचूप टीएक्सटी जोडतो. फाइल डोळ्यांसमोर दिसते, एसएसएचला ती सापडत नाही, आणि हातात येतं फक्त 'परमिशन डिनाइड, पब्लिक की'. ह्या एका संदेशाखाली डझनभर निरनिराळी कारणं दडलेली असतात. कमांडला एक छोटं व्ही जोडलं की एसएसएच कुठली किल्ली शोधतोय, कुठली दाखवतोय हे ओळीओळीनं सांगतो. ते वाचायची सवय मी सगळ्यांना लावली.

संध्याकाळी प्रत्येकानं तपासणीची कमांड दिली आणि गिटहबकडून उत्तर आलं, हाय, आणि पुढं ज्याचं त्याचं नाव. धाकट्यानं आपल्या नावाकडं जरा वेळ बघितलं. मग ती जुनी किल्ली मी खात्यातून काढून टाकली.

हे सगळं पहिल्यांदा सुचलं कुणाला, हेही मी त्या दिवशी सांगितलं होतं. १९९५मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी बसून जाणारे पासवर्ड टिपले. त्या काळी दूरच्या संगणकावर शिरायला टेलनेट वापरत आणि पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. तिथले तातू युलोनन ह्यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिला आणि जुलैत तो लोकांना दिला. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचं दार २१ क्रमांकाचं, टेलनेटचं २३, मधलं २२ मोकळं होतं, ते युलोनन ह्यांनी मागून घेतलं. आज आपण सगळे वापरतो तो ओपनएसएसएच १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी घडवला. मला ह्या माणसांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. कोल्हापुरातल्या सहा जणांचं रोजचं काम त्यांच्या काळजीवर उभं आहे.

त्या शनिवारी एक गोष्ट मी शेवटी, सगळे दमलेले असताना सांगितली होती. आपण कोण हे आपण गिटहबला पटवतो, पण समोर गिटहबच आहे हे आपल्याला कोण पटवणार? पहिल्यांदा जोडताना एसएसएच समोरच्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवतो, त्रेचाळीस अक्षरांचा, आणि विचारतो, पुढं जाऊ का? जगभर लोक तिथं न वाचता येस लिहितात. मीही वर्षानुवर्षं लिहीत आलो. गिटहब आपले ठसे स्वतःच्या संकेतस्थळावर छापतं. ते उघडून अक्षर अक्षर ताडायचं, मगच येस. एकदा ताडलं की यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढं कधी तो ठसा बदलला तर बोंब मारतं.

२४ मार्च २०२३, शुक्रवार, पाडव्यानंतरचा दुसरा दिवस. अकराच्या आसपास गडहिंग्लजहून फोन. "दादा, समोरचं दारच बदललंय म्हणतंय. कुणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे असं लिहिलंय. मी काही केलेलं नाही, तसंच ठेवलंय." मी आधी तिला शाबासकी दिली. हा इशारा आला की जुनी नोंद उडवून पुढं जायची कमांड दोन सेकंदांत सापडते आणि बहुतेक लोक तेच करतात. ती थांबली होती.

त्याच सकाळी आपल्या साडेदहाच्या सुमाराला गिटहबनं आपली आरएसए प्रकारची सर्व्हर-किल्ली बदलली होती. तिचा खाजगी भाग थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. गैरवापर झाल्याचं दिसलं नाही, तरी त्यांनी वाट न बघता ती टाकून दिली. गडहिंग्लजच्या लॅपटॉपवर पूर्वीपासून आरएसएचा ठसा होता म्हणून इशारा आला. ज्यांच्याकडं एड२५५१९चा ठसा होता त्यांना काही जाणवलंही नाही. मी नवा ठसा गिटहबच्या पानावरून फोनवर वाचला, तिनं तिच्या स्क्रीनशी ताडला, मग जुनी नोंद काढली. एवढ्या मोठ्या कंपनीनंही शंका येताच किल्ली फेकली, हे तिला मी आवर्जून सांगितलं. डिसेंबरात तिनं जे केलं होतं तेच त्यांनी केलं होतं.

ग्राहकांच्या सर्व्हरवर किल्ल्या बसवणं हे त्यानंतरचं काम. तिथं माणूस नसतो, रात्री यंत्र स्वतःच नवा कोड ओढतं, म्हणून पासफ्रेज ठेवता येत नाही. त्यासाठी डिप्लॉय की असते : ती एकाच रिपॉझिटरीला चालते आणि मुद्दाम अधिकार दिला नाही तर फक्त वाचू शकते. तीच किल्ली दुसऱ्या रिपॉझिटरीला लावायला गेलं तर गिटहब नाही म्हणतं. आधी मला ही अडचण वाटली, आता मी तिला सोय म्हणतो. एका दूध संस्थेत २२ क्रमांकाचं दार बाहेर जायला बंद होतं, तिथं गिटहबनं ४४३वर ठेवलेली एसएसएचची वाट वापरली. कोपऱ्यातल्या डेस्कटॉपलाही एक डिप्लॉय की आहे, वाचण्यापुरती. त्यावरून आता कुणालाही काहीही पुसता येणार नाही.

२०२४च्या जूनमध्ये गडहिंग्लजची आमची सहकारी पुण्याला चांगल्या नोकरीवर गेली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत द्यायला आली तेव्हा तिनं माझ्या शेजारी बसून स्वतःच्या खात्यातून त्या लॅपटॉपची किल्ली काढली, यंत्रावरच्या दोन्ही फायली पुसल्या. मी ऑर्गनायझेशनमधून तिचं नाव कमी केलं. चहा येईपर्यंत झालं. उरलेल्या कुणालाही एक अक्षर बदलावं लागलं नाही. जुन्या पद्धतीत सहा यंत्रं आणि सगळ्या ग्राहकांचे सर्व्हर फिरावे लागले असते, म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही फिरलोच नसतो, आणि ती किल्ली तिच्याबरोबर पुण्याला गेली असती. तिचा दोष नसताना तिच्यावर एक ओझं राहिलं असतं.

नव्या मुलांना किल्ली बनवायला आता तोच पन्हाळ्याचा धाकटा शिकवतो. नमुना सहीपासून सुरू करतो.

वाचणाऱ्यांपैकी जे कोड लिहितात त्यांना एक विनंती. आज आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये एसएसएच कीचं पान उघडा. प्रत्येक किल्लीपुढं ती कधी जोडली आणि शेवटची कधी वापरली हे लिहिलेलं असतं. जी कुठल्या यंत्रावरची आहे ते तुम्हाला सांगता येत नाही, ती काढून टाका. आणि तुमच्या ऑफिसात एकच किल्ली दोघांकडं असेल तर सोमवारची वाट बघू नका.